पुसलेला हुंकारा

या, असे जवळ सरकून बसा. गोष्ट लहानच आहे, पण मध्ये मध्ये हूं म्हणत राहा. आमच्या झाडीपट्टीत हुंकारा मिळाला नाही तर सांगणारा पुढे जात नाही. देव सगळं ऐकतो खरा, पण हूं म्हणत नाही. ते माणसालाच म्हणावं लागतं.

“आई, तू काऊन मधात मधात हूं करतेस? सगळं रेकॉर्ड होऊन राह्यलं नं!” निकेशने हेडफोन काढून खाटेवर आपटला.

दाराशी बसलेली कमळाबाई उठली आणि मागच्या अंगणात गेली.

गडचांदूरच्या सिमेंटच्या ट्रकांचा आवाज येऊ नये म्हणून निकेशने खिडक्यांवर गोधड्या टांगल्या होत्या. मधोमध मुखरूबुवा, त्याचे वडील, आणि त्यांच्या तोंडासमोर पुण्याहून आणलेला माईक. बुवांनी जन्मभर गावोगाव कीर्तन केलं. देव तेंदूपत्त्याच्या, म्हणजे विडीच्या पानांच्या, गाठोड्यात लपतो आणि पानं तोडणाऱ्या बाईच्या डोक्यावर बसून गाव पाहायला येतो, हे त्यांचं स्वतः रचलेलं आख्यान. ते कुठे लिहिलेलं नव्हतं. बुवांच्या घशात गाठ होती. परवा नागपूरला ऑपरेशन, आणि नंतर आवाज राहील याची हमी डॉक्टर देत नव्हते.

“हां बाबा, बोला.”

“देव म्हने, बाई, ओझं जड हाय का...” बुवा थांबले. माईककडे पाहत राहिले.

“पुढं?”

“पुढचं दिसूनच नाई राह्यलं.”

सकाळपासून हेच चाललं होतं. आधी रेकॉर्डिंगच्या ॲपने पुन्हा लॉगिन मागितलं. रेंज छपरावरच, म्हणून ओटीपीसाठी निकेश वर चढला, खाली येईपर्यंत त्याची मुदत संपली. मग अपडेट आलं. मग जागा कमी पडली. आणि हे ॲप त्याच्याच कंपनीचं होतं! आजूबाजूचा गोंगाट पुसून माणसाचा आवाज लख्ख करायचा, हेच त्याच्या टीमचं काम. यंत्राने कटकट उचलली की माणूस नवं घडवायला मोकळा, असं तो मीटिंगमध्ये मोठ्या श्रद्धेने सांगायचा. आता तेच यंत्र बुवा थांबल्याचं पाहून विचारत होतं, पुढचं वाक्य सुचवू का?

निकेशने ते वाचून दाखवलं. बुवा खो खो हसले आणि खोकले. “त्याले म्हना, आधी तेंदू तोडून ये. हातभर काटे रुतू दे, मंग सुचव.”

“बाबा, हसू नका. वेळ नाई आपल्यापाशी.”

“मले माहीत हाय बाबू.” बुवा हळूच म्हणाले. “तुह्या आईले बोलव. समोर कोनी हूं म्हनल्याबिगर माह्या तोंडून देव निंगत नाई.”

निकेशने आईला हाक मारली. तिचा आवाज काय, नंतर पुसता येईल. कमळाबाई येऊन बसली, पदर नीट केला आणि म्हणाली, “हूं.”

अन् काय सांगू, आख्यान असं वाहिलं की गोधड्यांमागचे ट्रकसुद्धा थबकले असावेत! निकेशचे डोळे भरून आले. त्याने फाईल छपरावरून पाठवली, साफ होऊन परत आली. मूळ फाईल जागा अडवते, काढू? ॲपने विचारलं. त्या दिवसातला हा कितवातरी प्रश्न. त्याने न वाचताच ‘हो’ दाबलं.

बुवा नागपूरहून परतले ते गळ्याला पट्टी आणि तोंडी मौन घेऊन. जीव वाचला, पांडुरंगाची कृपा. आवाज गेला.

निकेशने त्यांच्या उशाशी स्पीकर ठेवला. “ऐका बाबा.”

बुवांचा आवाज घंटेसारखा निघाला. एक वाक्य झालं, आणि मग पोकळी. दुसरं वाक्य, पुन्हा पोकळी. बुवांनी मान उचलली. तिसऱ्या वेळी त्यांनी हात हलवून स्पीकर बंद करवला, आपल्या कानाला बोट लावलं आणि मग कमळाबाईकडे दाखवलं. हिचं हूं कुठे आहे?

निकेशने स्पीकर उचलून बाजूला ठेवला. “मशीननं काढलं बाबा. गोंगाट समजून.”

“बरं केलं मशीननं,” कमळाबाई हसली. “तुह्या बाबाले मले ‘गप बस’ म्हनाले जनमभर नाई जमलं, ते त्यानं केलं.”

पण बुवा हसले नाहीत. त्यांनी उशाखालून चिपळी काढली आणि तिला खुणेने सांगितलं, तू बोल.

“मी? मले कुठी येते आख्यान?”

बुवांनी पुन्हा तीच खूण केली.

कमळाबाईने पदर सारखा केला. “तुमी आत होते नं दवाखान्यात, तवा मी बाहीर एका कडूनिंबाखाली बसली होती.” एवढं बोलून, हुंकाऱ्याची जागा आली तशी, ती सवयीने थांबली. ती बोलत असताना हूं म्हणणारं आजवर कोणी नव्हतंच.

छन्न!

बुवांची चिपळी वाजली. कमळाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग म्हणाली, “त्या झाडावर एक होला पक्षी बसला होता...”

छन्न.

निकेशचा हात फोनकडे गेला. तिथेच थांबला. त्याने फोन पालथा ठेवला, आईच्या समोर मांडी घातली आणि म्हणाला, “हूं.”

मायबाप, मुखरूबुवांची आठवण पंचक्रोशी काढते. तुम्ही तेवढी कमळाबाईची ठेवा.