डिस्कपर्यंतची वाट

डोईफोडे मॅडमच्या प्रयोगशाळेतली टोपी घातली की विद्यार्थी प्रोसेसरच्या वेगाने जगायचा. तिथे एक नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग, सेकंदभर चाले.

"आकडा मेमरीतून आण, दोन मिनिटांत येशील. डिस्क फार संथ असते," मॅडमनी अर्पणाला बजावलं होतं. घाईत तिने डिस्क निवडली. मॅडम ओरडेपर्यंत टोपीचा दिवा विझलाही.

अर्पणाने डोळे उघडले आणि मॅडमचा हात घट्ट धरला. "तुमचा चेहरा विसरत चालले होते. चार महिने झाले."

बाहेर सेकंदाचा जेमतेम शंभरावा भाग सरला होता.

"काय केलंस गं इतके दिवस?"

"आकडा येईपर्यंत बाकी प्रोग्रामांची हजारो कामं उरकली. एकालाही ताटकळू दिलं नाही."

मग तिने टेबलावरच्या जुन्या संगणकावर अलगद हात ठेवला.

"आणि काल हळू चालतो म्हणून मी याला धपाटा घातला होता."