फियाटची रेस

मला नववा महिना लागला, तशी माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, जुनी फियाट बाहेर काढली. वेळ आली की बाभुळगावहून यवतमाळचा दवाखाना गाठायचा, आणि गाडी तर काही केल्या वेग घेईना. मामाजींनी बॉनेटमध्ये डोकं खुपसलं. माझा नवरा अंकुश आत बसून रेसचं पेडल दाबत होता.

"दाब पुरं!"

"पुरंच दाबून राह्यलो, बाबा!"

"मंग इकडं कार्बोरेटर अर्धंच काहून उघडते? मी हातानं दांडा ओढतो तं पुरं उघडते!"

दांड्याला ग्रीस लावून झालं, स्प्रिंग बदलून झाली. पोटातलं बाळसुद्धा लाथा मारून थकलं आणि निजलं. शेवटी अंकुशनं पेडलखालची मॅट उचलली, तर खाली ही जाड, नवीकोरी गादी! त्या वर्षी कापसाला भावच नव्हता. सासूबाईंनी घरात पडलेल्या कापसाच्या गाद्याच गाद्या भरल्या होत्या, आणि त्यातल्या एकीवर पेडल अर्ध्यातच टेकत होतं.

"अवं, गाडीत पायाखाली कोणी गादी घालते का?" मामाजी ती ओढून काढायला वाकले.

सासूबाई दारात लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "राहू द्या तशीच. अंकुशच्या वेळी मले कळा येऊन राह्यल्या होत्या, अन् तुम्ही अशी गाडी हाणली का यवतमाळचा दवाखाना मागंच राह्यला. मी थेट पुढच्या बोरी अरब गावाले पोचली होती."