आईची बाटली

मूत्रपिंडातल्या गाळणीच्या पेशी का मरतात, यावर प्राध्यापक महेश्वरीनं वीस वर्षं घातली होती. स्वतः शोधलेलं औषध तिनं तोच आजार जडलेल्या आईला सुरू केलं.

पहिले दोन महिने फरक पडला नाही. तिसऱ्या महिन्यापासून मात्र अणदूरहून एसटीनं येणारी आईच्या लघवीची बाटली तपासणीत स्वच्छ निघू लागली. त्या भरवशावर तिनं औषध बदललं नाही.

वर्षभरानं आई सुजून दवाखान्यात आली, तेव्हा दोन्ही किडन्या गेलेल्या होत्या. महेश्वरीनं लॅबवाल्यांवर फसवणुकीचा आळ घेतला.



आईनं तिचा हात धरला. "त्यांला नको बोलू, बाई. मीच सुनंची बाटली धाडीत व्हते. लेकीचं औषध लागू पडंना, असं कुणी म्हणू नये म्हणून."