पूजेचं मशीन

खंडेनवमीची पूजा करताना अध्यक्ष अण्णासाहेबांनी दूध संघाच्या सर्व्हरवरच नारळ फोडला. पाणी फटींतून आत गेलं, चर्र झालं आणि मशीन कायमचं गप्प झालं.

संगणक विभागाच्या सपकाळ मॅडम मात्र डगमगल्या नाहीत. वीज गेली तरी काही न विसरणारी मेमरी त्यांनीच भांडून संघाला घ्यायला लावली होती. तीच जळाली तर पंचाईत नको, म्हणून शेजारच्या खोलीत तिची जुळी बहीणही बसवली होती. एकीत पडलेला आकडा त्याच क्षणी दुसरीतही पडायचा.

"घाबरू नका," त्या म्हणाल्या. "शेजारी सगळं सुखरूप आहे."

अण्णासाहेब चाचरले. "तिथला नारळ आधीच फोडून आलो. म्हटलं, एकीचं करायचं आणि दुसरीचं नाही, हे बरं दिसत नाही."

सभासदांच्या दारोदार हिंडून माहिती पुन्हा भरताना मॅडमच्या तोंडाला फेस आला. पुढच्या खंडेनवमीआधी त्यांनी नवी दोन्ही मशिनं कुलपात ठेवली आणि दर्शनी भागात पूजेचं मशीन म्हणून एक रिकामी पेटी मांडली, वरून लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ सोडून.

अण्णासाहेबांनी पेटीवर दणक्यात नारळ फोडला. पाणी आत गेलं. दिवे लुकलुकतच राहिले. मॅडमनी सुटकेचा निःश्वास टाकला.

अण्णासाहेब पेटीवर कौतुकाने थाप मारत म्हणाले, "याला म्हणतात मशीन! मॅडम, उद्यापासून सगळा कारभार याच्यावर हलवा, आणि ती कुलपातली दोन्ही काढा भंगारात."