गोल आणि करवत

बसा, पाय वर घेऊन बसा. चहा उकळेपर्यंत आमच्या घरातली कालची हकिगत सांगते. महिनाभर माझा जीव टांगणीला लागला होता हो.

आमचे हे चाळीस वर्षं पियानोचे सूर लावतात. मागच्या महिन्यात त्यांनी लावलेले दोन पियानो गिऱ्हाइकांनी परत पाठवले. दुकानमालकानं तोंडावर सांगितलं, "काका, कान तपासून घ्या. तिसरा परत आला तर घरीच बसा." झालं, ह्यांचं जेवण तुटलं. डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर धावून यायचे. हा माणूस घरी बसला असता तर खंगून गेला असता, मला ठाऊक आहे ना.

म्हणून मी लेकीला गाठलं. ती कॉम्प्युटरवर नवं वाद्य बनवत होती, कुणा नाटकवाल्यांसाठी. त्यात लाकूड नाही, तार नाही, सगळं आतल्या आत; बाहेर फक्त पेटीसारख्या पट्ट्या. वर्षानुवर्षं कानाला ते हेडफोन चिकटलेले. दोन हाका मारल्या, तिसऱ्यांदा खांदा हलवला, तेव्हा बाईसाहेब वळल्या.

"बाबांचे कान बघ जरा," मी म्हटलं. "पण त्यांना कळू न देता."

"बरं झालं. मलाही एक जाणकार हवाच होता. आण त्यांना."

हे आले कपाळाला आठ्या घालून. मी कोपऱ्यात उशीचा अभ्रा शिवत बसले.

लेकीनं पडद्यावर दोन लाटा दाखवल्या. एक टेकडीसारखी गोल, दुसरी करवतीच्या दातांसारखी. "एकदा पट्टी दाबली की गोल लाट वाजते. परत दाबली की करवत. आळीपाळीनं. गोल मऊ लागली पाहिजे, करवत खरखरीत. फरक नीट जमलाय का, तेवढं सांगा."

"आता तू मला शिकव," हे म्हणाले. पण खुर्ची पुढे ओढली.

तिनं हेडफोन काढून ठेवले, स्पीकरचं बटण मोठं केलं, पडदा स्वतःकडे वळवून घेतला आणि पट्टी दाबली.

"गोल," हे म्हणाले.

परत दाबली.

"करवत."

वीस वेळा दाबली असेल. माझी सुई हातातच राहिली. ह्यांची एक म्हणून चूक नाही. दर वेळी लेक पडद्याकडे बघायची आणि मान डोलवायची.

"करवत फार टोचते का हो?" तिनं विचारलं.

"किंचित. दात घासून घे."

तिनं काहीतरी फिरवलं. "आणि आता?"

"आता लोणी."

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, सहा महिने धाकधूक होती. तुम्ही हो म्हणालात, सुटले."

"मग मी कशाला घरी बसतोय आता?" हे म्हणाले. पण छाती बघायला हवी होती. बुटाच्या नाड्या न बांधताच दुकानात गेले, मालकाला म्हणाले, सोमवारी कामावर येतो, गिऱ्हाईक तयार ठेव. रात्री दोनदा भात मागून घेतला. आज दुपारी जेवून बापलेक जी आडवी झालीत, ती अजून उठली नाहीत. किती दिवसांनी या घरात कुणी असं निवांत झोपलंय.

मघाशी मी तिची खोली झाडायला घेतली. टेबलाखाली स्पीकरचा प्लग जमिनीवर पडला होता. परवा इस्त्रीसाठी मीच काढला होता तो. परत लावायचा राहिला. काल कोपऱ्यात मला काहीच ऐकू आलं नव्हतं; मला वाटलं, माझेच कान गेले.

संध्याकाळी नाटकवाले वाद्य न्यायला येतायत. तुमचे कान धड आहेत ना? मग चहा झाला की तेवढा प्लग लावा, एक पट्टी दाबा, आणि ते कसं वाजतं ते मला सांगा. आवाज हवा तेवढा मोठा करा. दोघं तिथेच टेबलाशेजारी झोपलीत, पण असू द्या.