खंडेनवमीची बोट

"इंजिन काढून ठेवलंय न्हवं?" ज्ञानू वस्तादांनी ट्रेलरवरच्या बोटीच्या बुडाखाली हात घालत विचारलं.

"व्हय की. कालच काढलंय," अंबादास म्हणाला.

खोटं इतक्या सहज तोंडातून निघालं, की त्याचं त्यालाच नवल वाटलं. इंजिन जागच्या जागी होतं. बोटीच्या मागच्या टोकाला, सागवानी पेटीत, वरून स्क्रू आवळून, पॉलिश मारून. चांगलं चार माणसांचं ओझं.

बहात्तरचा दुष्काळ सरून कळंब्याचं तळं यंदा काठोकाठ भरलं होतं. ट्रॅक्टरनं ट्रेलर काठाजवळ आणला, पण पुढं नुसता चिखल. बोट ट्रेलरवरून उचलायची, खाली अंथरलेल्या ओंडक्यांवर ठेवायची आणि ढकलत पाण्यात न्यायची, एवढंच काम होतं. चेनकप्पी असती तर अर्ध्या तासात झालं असतं. पण आज खंडेनवमी. उद्यमनगरातल्या एकाही कारखान्यात आज कुणी हत्याराला हात लावणार नव्हतं. अंबादासची कप्पी, पाने, हातोडे सकाळीच पाटावर मांडून, हळदकुंकू वाहून पुजले होते. वर्षभर लोखंडाला शिव्या घालणारी ही माणसं या एका दिवशी त्याच्या पाया पडतात, आणि पडतात ती अगदी मनापासून.

उद्यावर ढकलायची सोय नव्हती. दसऱ्याला सकाळी आठच्या ठोक्याला बोटीचे मालक हंबीरराव पाव्हण्यांना घेऊन फेरी मारायला येणार होते. त्याआधी रात्रभर जुनं लाकूड पाण्यात मुरून फुगायला हवं, तरच त्याचे सांधे मिटणार. म्हणून अंबादासचा धाकटा भाऊ नृसिंह तालमीतले सात गडी घेऊन आला होता आणि पोरांच्या काळजीनं वस्ताद त्यांच्या मागोमाग.

इंजिन काल काढता आलं असतं. चारच बोल्ट होते. पण ते आणि पाण्यातल्या पंख्याचा दांडा एका रेषेत आणायला अंबादासनं सव्वा महिना घालवला होता. लेथवाला हंबीररावांच्या जुन्या बोटीला इंजिन बसवतोय म्हणून अख्खं उद्यमनगर चहाच्या गाड्यावर त्याला हसलं होतं. एकदा सोडलेलं इंजिन उद्या आठपर्यंत परत जुळलं नसतं, आणि बोट पाव्हण्यांसमोर नुसती डुलत राहिली असती. आठ पैलवान आहेत, चार पावलं जायचंय, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

"मग रिकामीच की!" नृसिंह हसत मागच्या टोकाला गेला. "मागनं मी धरतो. तिघं या रं हिकडं, बाकीचं पुढं व्हा."

"जपून," वस्ताद म्हणाले. "पंधरा दिसांवर खासबागेत कुस्ती हाय तुझी."

"मोकळ्या लाकडाला काय भ्यायचं, वस्ताद?"

अंबादासनं तेव्हा तरी खरं सांगायला हवं होतं. त्यानं तोंड उघडलंही. "मागं आणि दोघं लावा," एवढंच म्हणाला.

"कशाला? उगं गर्दी हुतीया," नृसिंह म्हणाला आणि अंबादास बाजूला सरकला.

"जोतिबाच्या नावानं चांगभलं!"

पुढचं टोक झटक्यात वर गेलं. मागचं वीतभर उठलं आणि तिथंच अडलं. बोट तिरपी झाली, सगळा भार मागं आला. नृसिंहाच्या मानेच्या शिरा तटतटल्या. त्या एका क्षणात त्याला कळलं. बोटीच्या कडेवरून त्यानं भावाकडं पाहिलं. शेजारच्या तिघांनी अंग काढून घेत बाजूला उड्या मारल्या. त्यानं मात्र हात सोडले नाहीत. चिखलात पाय सरकला, बोट ट्रेलरवरून मागं घसरली आणि तिचं टोक त्याच्या गुडघ्यावर आलं.

कडकन मोठा आवाज झाला. अंबादासला वाटलं, लाकूड तडकलं. त्याची नजर आधी बोटीकडं गेली. पेटीची एक बाजू फुटली होती, बाकी बोटीला काही झालं नव्हतं.

सगळ्यांनी मिळून बोट रेटली आणि नृसिंहाला ओढून बाहेर काढलं. गुडघा नको त्या बाजूला वळला होता. हा पाय पुन्हा आखाड्यात उतरणार नाही, हे कळायला डॉक्टरची गरज नव्हती. आपण काय केलं ते आता आपल्यालाच नाही, सगळ्यांना दिसणार, एवढंच अंबादासच्या मनात आलं.

वस्ताद फुटक्या पेटीजवळ गेले. आत हिरव्या रंगाचं इंजिन होतं.

"अंबादास," ते हळूच म्हणाले. हा माणूस हळू बोलला की तालमीतली पोरं भिंतीला टेकत.

"वस्ताद," खालून नृसिंहाचा आवाज आला. दातांवर दात दाबून तो बोलत होता. "मला ठावं हुतं. दादा न्हाईच म्हणत हुता. मीच म्हटलं, ऱ्हाऊ दे आत, उचलतो आम्ही. तुम्हास्नी सांगू नगं, म्हटलं."

वस्तादांचा हात त्याला मारायला वर गेला आणि तसाच खाली आला. त्यांनी डोक्याचा पटका सोडला आणि नृसिंहाचा पाय बांधायला घेतला. बांधता बांधता ते सगळ्यांदेखत रडले. मग उठून त्यांनी अंबादासच्या खांद्यावर हात ठेवला.

"त्ये पोर हाय. तू थोरला न्हवं का गा? त्येचं कशाला ऐकलंस?"

नृसिंह भावाकडं बघत होता. सगळेच बघत होते.

"लई मागं लागला हुता, वस्ताद," अंबादास म्हणाला. "ऐकंचना."