कोरडा दिवस

घरोघरी पाणी तपासत आलेली आशाताई अंगणातच थांबली. गावात कोरडा दिवस होता. डास वाढू नयेत म्हणून घरोघरी साठलेलं पाणी ओतून भांडी दिवसभर पालथी ठेवायची होती. आमचा गोरक्ष नुकताच डेंग्यूनं गेला होता.

"अण्णा, तुमचं घर आज राहू द्या," ती हळूच म्हणाली.

"का? डास सुतक पाळतात का, पोरी?"

मी रांजण आडवा केला, न्हाणीतली टाकी उपसली, कोंबड्यांची थाळी पुसली. मग घरात गेलो. पोराला शेवटचं जिथं ठेवलं होतं, तिथं दिवा तेवत होता. शेजारी पाण्यानं भरलेला पेला होता. गेलेल्या माणसाला तहान लागते म्हणतात, म्हणून आमच्यात दहाव्यापर्यंत हा पेला रिता ठेवत नाहीत. माझा हात पुढं होईना.

भिंतीला टेकून बसलेली त्याची आई उठली. तिनं पेला अंगणात नेऊन ओतला आणि पदरानं आतून कोरडा केला.

"अगं, त्याला तहान..." मी म्हणालो.

"आजचा दिवस राहील तसाच," ती म्हणाली. "शेजारी लेकरं आहेत."